जोतिरावांची पाटी आणि सरकारची कोपरखळी

पुणेरी पाट्यांवर आजवर लेख आले, पुस्तके निघाली, व्हॉट्सअॅपवर तर रोज एखादी पाटी येतेच. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल, वगैरे. या शहराला आपल्या तिरकस पाट्यांचा फार अभिमान आहे. पण या शहरात लागलेल्या सर्वात महत्त्वाच्या पाटीचा अभिमान बाळगणारे मला फारसे भेटले नाहीत. ती पाटी लाकडी नव्हती. छापील कागद होता. १८६३ च्या सुमारास तो ब्राह्मण वस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवला गेला. त्यात मजकूर एवढाच, की विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुरक्षित बाळंत व्हावे, मूल सोबत न्यायचे की इथेच ठेवायचे हे त्यांच्या मर्जीवर, ठेवले तर त्याचा सांभाळ केला जाईल. चिकटवणाऱ्याचे नाव जोतिराव गोविंदराव फुले.

हे आज आठवायचे कारण एक ट्रेनिंग. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथे मध्यंतरी एक प्रकल्प आला. नाव 'वर्तनबदल'. एका चकाचक हॉलमध्ये आम्हा वीस-बावीस कार्यकर्त्यांना बसवून दिवसभर स्लाइड दाखवल्या. लोक चुकीचे निर्णय का घेतात, त्यांना न दुखावता योग्य निर्णयाकडे कसे वळवायचे, याला इंग्रजीत 'नज' म्हणतात, वगैरे. मराठीत काय म्हणायचे यावर चहाच्या वेळी चर्चा झाली. कोणी म्हणाले हळूच धक्का, कोणी म्हणाले ढोसणे. माझ्या शेजारची ताई म्हणाली, "कोपरखळी म्हणा की." मला तो शब्द पटला, कारण कोपरखळी मारणारा नेहमी शेजारी आरामात बसलेला असतो.

दुपारनंतर आम्हाला पोस्टरचे गठ्ठे मिळाले. सार्वजनिक संडासाच्या वाटेवर लावायचे. एकावर मोठे वटारलेले डोळे, दुसऱ्यावर डबा घेऊन चाललेली बाई आणि तिला हसणारे लोक. मी विचारले, या वस्तीतल्या बायका रात्री संडासात का जात नाहीत हे कोणी त्यांना विचारले आहे का? दिवा नाही, दोन दारांना कडी नाही, आठनंतर नळाला पाणी नाही. सर म्हणाले, "तो इन्फ्रास्ट्रक्चरचा मुद्दा झाला, आपला मुद्दा माइंडसेटचा आहे."

इतिहासात शिरायचे ते या वाक्यासाठी.

आधी या विद्येबद्दल थोडे. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी २००८ साली 'नज' नावाचे पुस्तक लिहिले. २०१० साली ब्रिटनच्या सरकारने या कामासाठी स्वतंत्र पथक नेमले. २०१७ साली थेलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणणे थोडक्यात असे, की माणूस हिशेबी यंत्र नाही. तो आळशी आहे, घाईत असतो, शेजारी काय करतो ते पाहून वागतो आणि समोर जे आयते ठेवले आहे ते उचलतो. म्हणून कशाला बंदी घालू नका, मोठी लालूच दाखवू नका, फक्त पर्यायांची मांडणी बदला, म्हणजे माणूस आपोआप बरे ते निवडेल. अॅम्स्टरडॅमच्या विमानतळावर मुतारीत माशीचे चित्र काढले, पुरुष नेम धरू लागले, फरशी कोरडी राहिली, हे त्यांचे लाडके उदाहरण. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवादिकांच्या टाइल्स बसवतात तोच हा प्रकार. थेलरच्या जन्माआधीपासून बसवत असतील.

यातले निरीक्षण खोटे नाही, हे आधीच सांगते. माणसाच्या वागण्याला भोवतालची मांडणी घडवते, ही गोष्ट समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि आपल्या आजीला ती न शिकता माहीत होती. प्रश्न आहे तो मांडणी कोण करतो, कोणासाठी करतो, आणि ज्याच्यासाठी केली त्याला ती उघड सांगतो का, हा.

भारत सरकारने ही विद्या कशी उचलली ते २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत वाचायला मिळते. त्यातले एक अख्खे प्रकरण याच विषयावर आहे. स्वच्छ भारत आणि बेटी बचाओ ही त्यातली यशाची उदाहरणे. पुढे काय करावे याच्या सूचनाही आहेत. लोकांनी कर भरावा म्हणून काय करावे? तर हिंदू धर्मात कर्ज न फेडणे हे पाप मानले आहे, बापाचे ऋण मुलाने फेडावे असे सांगितले आहे, त्याचा आधार घ्यावा. इस्लाम आणि बायबलचेही दाखले जोडलेले आहेत. स्त्री-पुरुष समतेसाठी अर्धनारीश्वर, गार्गी, मैत्रेयी आणि धनलक्ष्मी-विजयलक्ष्मी. या देशात स्त्रियांसाठी शाळेचे दार उघडणारी सावित्री, किंवा हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारे बाबासाहेब हे त्या प्रेरणास्थानांत का बसत नाहीत, हे ज्याने त्याने समजून घ्यावे.

याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. जिल्ह्यातल्या सर्वात जास्त कर भरणाऱ्या दहा जणांचा सन्मान करावा, विमानतळावर त्यांना आधी सोडावे, टोलनाक्यावर त्यांना वेगळी लेन द्यावी, रस्त्यांना-शाळांना-दवाखान्यांना त्यांची नावे द्यावीत, अशीही सूचना आहे. म्हणजे श्रीमंताचे वर्तन बदलायचे तर मान द्यायचा. आणि गरिबाचे? त्याच्यासाठी वटारलेले डोळे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. २०००-०१ साली आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. अभियानाने गावागावात लोक झाडू घेऊन उतरले, हे मी नाकारत नाही. पण त्याच काळात 'गुड मॉर्निंग पथक' नावाची गोष्ट रुळली. पहाटे उघड्यावर बसलेल्यांपुढे जाऊन शिट्ट्या मारायच्या, टॉर्च मारायचा, गुलाबाचे फूल द्यायचे, फोटो काढायचे. पहाटे उघड्यावर कोण सापडणार? ज्याच्या घरात संडासाला जागा नाही तो. ज्याचे घरच गावकुसाबाहेर दहा बाय दहाचे आहे तो. गाडगेबाबा स्वतः झाडू मारत आणि मग बोलत. त्यांच्या नावाच्या अभियानात झाडूची जागा शिट्टीने घेतली.

ही शिट्टी कुठवर जाते? २५ सप्टेंबर २०१९ रोजी मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातील भावखेडी गावात उघड्यावर शौचास बसलेल्या दोन दलित लेकरांना काठ्यांनी मारून ठार केले गेले. गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त होते. त्या लेकरांच्या घरी संडास नव्हता. लाज हे ज्या देशात जातीच्या हातातले सर्वात जुने हत्यार आहे, त्या देशात धोरण म्हणून लाज वापरणे म्हणजे काय, हे स्लाइडवर येत नाही.

आता जोतिरावांच्या घराकडे परत जाऊ.

ती पाटी लागण्याआधी एक खटला झाला होता. काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा, जोतिरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले, ज्याच्यापासून गेले त्याने हात झटकले, आणि तिने जन्मलेल्या बाळाला मारले. तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवले गेले. त्या काळच्या सभ्य पुण्याची प्रतिक्रिया काय असेल याची कल्पना आपण करू शकतो: बाई वाईट चालीची, संस्कार कमी पडले. आजच्या भाषेत माइंडसेट.

जोतिराव आणि सावित्रीमाईंनी तिचा निर्णय तिच्या जागेवर उभे राहून पाहिला. तिच्यापुढे पर्याय किती होते? विहीर, विषारी पाला, नाहीतर बाळाचा गळा. केशवपन केलेल्या बाईला मूल झाले असे कळले तर तिचे काय होईल हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणजे ती अविचाराने वागली नाही. तिच्यापुढे मांडलेले सगळेच पर्याय मरणाचे होते, त्यातला एक तिने उचलला. यावर उपाय काय? तिला उपदेश करणे हा नव्हे, तिच्यावर पहारा ठेवणे हाही नव्हे. तर एक नवा पर्याय उभा करणे, तो स्वतःच्या घरात उभा करणे, आणि तिच्यापर्यंत तो गुपचूप पोहोचेल अशा जागी कागद चिकटवणे.

बारकावे पाहा. कागद चिकटवला तो ज्या गल्लीत गरज होती तिथे. गुप्ततेची हमी दिली, कारण खरी अडचण बाळंतपणाची नव्हती, लाजेची होती. मूल ठेवायचे की न्यायचे हे आईवर सोडले. आजच्या नज-पंडितांना यातले प्रत्येक पाऊल ओळखीचे वाटेल. पण त्यांच्या काटेकोर व्याख्येत हे बसतही नाही, कारण त्यांची विद्या हातात आहेत त्याच पर्यायांची मांडणी बदलते. नसलेला पर्याय निर्माण करणे त्यांच्या अभ्यासक्रमात नाही. तो, सरांच्या भाषेत, इन्फ्रास्ट्रक्चरचा मुद्दा.

आणि या घराचा हिशेब? सक्तीच्या वैधव्यावर मलबारींनी काढलेल्या टिपणांवर मत देताना १८८४ साली जोतिरावांनी तो स्वतःच मांडला आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत राहिली. तीस दगावली, कारण आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच जायबंदी झाली होती. कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात हा आकडा असा लिहिला गेला नसता. तीस मेली हे लपवून पस्तीस लाभार्थी एवढेच छापले असते. जोतिरावांनी तीसचा आकडा कारणासकट लिहिला, कारण तो आकडा घराचे अपयश सांगत नाही, बाई त्या घरापर्यंत किती उशिरा पोहोचत होती हे सांगतो. १८७४ साली फुले दांपत्याने अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला.

जोतिरावांची ही पद्धत एकदाच दिसलेली नाही. १८५५ साली त्यांनी रात्रीची शाळा काढली. शेतकरी-मजूर दिवसा राबतो, त्याला शिक्षणाचे महत्त्व पटवत बसण्यापेक्षा शाळेची वेळ बदलली. १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८८२ च्या हंटर कमिशनपुढचे त्यांचे निवेदन काढून वाचा. गरीब बाप मुलाला शाळेत का पाठवत नाही याची उत्तरे ते बापाच्या स्वभावात शोधत नाहीत. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणतात. खालच्या जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे सढळ हाताने ठेवा म्हणतात. शिक्षक शेतकरी वर्गातले नेमा, नांगराला हात लावायची ज्यांना लाज वाटत नाही असे नेमा, म्हणतात. शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवा म्हणतात. सक्ती, पैसा, माणूस आणि विषय, चारही बाजूंनी. कोपरखळीवर भागवले नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आणले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आधी शाळा मोफत केली, मगच दंड. हा क्रम महत्त्वाचा आहे.

महाराजांना हळुवार मार्गही ठाऊक होता. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेला त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल घालून दिले. हॉटेलात गिऱ्हाईक कोण येणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. शेजाऱ्याचे पाहून माणूस वागतो, हे नजवाल्यांचे सूत्र. इथे ते वापरले गेले, पण कोणावर? वर्तन बदलायची गरज ज्यांना होती त्यांच्यावर, म्हणजे विटाळ मानणाऱ्यांवर. आपल्या सगळ्या 'वर्तनबदल' कार्यक्रमांत सवर्ण सोसायट्यांसाठी एकही पोस्टर मी पाहिलेले नाही. घरकामाच्या बाईला वेगळा कप ठेवणाऱ्यांसाठी वटारलेले डोळे कोणी छापणार आहे का?

महाडचा दाखला आपल्या वाचकांना पाठ आहे, पण या बाजूने एकदा पाहा. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. म्हणजे कायदा झाला, पर्याय कागदावर आला. तरी तीन वर्षे कोणी पाणी प्याले नाही. का? आमच्या लोकांना सवय नव्हती म्हणून? नाही. पहिल्या माणसाचे डोके फुटेल हे सगळ्यांना माहीत होते. एकट्याला जो पर्याय परवडत नाही तो हजारोंना परवडतो, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले. डोकी त्या दिवशीही फुटली. तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, खटला हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ साली निकाल लागला. परंतु पाणी प्यालेला माणूस परत आधीचा राहिला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब महाडला स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत, हातापायांतले जाड कथलाचे-पितळेचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. बायकांनी तिथल्या तिथे लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. टिपणीस आणि चित्रे कुटुंबांतल्या स्त्रियांनी नेसायला मदत केली. पिढ्यान्पिढ्यांची सवय एका दिवसात! वर्तनबदलाचे याहून मोठे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. यात लपवाछपवी काही नव्हती. काय बदलायचे, का बदलायचे, ही खूण तुमच्या अंगावर कोणी आणि कशासाठी ठेवली, हे सगळे तोंडावर सांगितले. ज्यांना सांगितले त्यांना बुद्धी आहे असे धरून सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याही मोठ्याने, उभे राहून, शब्द न् शब्द समजून.

उलट बाजूचा धडा आपल्याला येरवड्याने दिला. निवडीची मांडणी बदलली की निकाल बदलतो, हे १९३२ साली इथल्या तुरुंगात ठरले. ऑगस्टच्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघाचे मत आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातलेही मत होते. २० सप्टेंबरला गांधीजींचे उपोषण सुरू झाले, २४ सप्टेंबरला करार झाला. प्रांतिक जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण अखेरचे मत संयुक्त. अस्पृश्यांनी प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडायचे, त्या चारांतला कोणता जिंकणार ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. जागा वाढल्या आणि आपला माणूस आपण निवडण्याचा हक्क गेला. पेटीची रचना करणारा मतदाराहून मोठा असतो. बाबासाहेबांना हे तेव्हाच कळले होते, आणि कोणत्या दबावाखाली सही करावी लागली हे त्यांनी पुढे लपवलेही नाही.

आपल्यातल्यांनाही एक सांगायचे आहे. आमच्या विहारात रविवारी सकाळी दहाला अभ्यासवर्ग असे. महिला येत नाहीत म्हणून आम्ही दोन वर्षे भाषणे दिली, त्यांना धम्माची ओढ नाही असेही कोणी कोणी बोलले. मीही बोलले असेन. मग एका मावशींनी सांगितले, दहाला पाणी येते गं. वर्ग संध्याकाळी नेला, लेकरांना बसायला शेजारची खोली उघडली. आता चटया कमी पडतात. रात्रीच्या शाळेचा इतिहास दर ११ एप्रिलला भाषणात सांगणाऱ्या आम्हाला हे उमजायला दोन वर्षे लागली.

पोस्टरचे गठ्ठे मी लावले नाहीत. त्यावरून प्रकल्पाशी माझे संबंध फारसे बरे राहिलेले नाहीत, आणि मानधनही थांबले आहे. त्या पोस्टरच्या कोऱ्या पाठीवर वस्तीतल्या बायकांनी अर्ज लिहिला: दोन कड्या, एक दिवा, रात्री दहापर्यंत पाणी. खाली सह्या आणि अंगठे. अर्ज दिल्याची पोच मिळाली आहे. कड्या मात्र आम्ही वर्गणी काढून मागच्या आठवड्यात बसवल्या, दोन्हींना मिळून तीनशे चाळीस रुपये लागले. दिवा अजून लागलेला नाही.